सालीचा सोडा

धुळाजी,

वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलेला नाही, आणि तो विसरले म्हणून नाही. लिहिला असता तर तुम्हालाही तो खोटा वाटला असता आणि मलाही. तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुमची सून वाचून दाखवेल असं धरून चालते. तिला माझं सांगणं आहे: बाई, मधलं काही गाळू नकोस, गोड करून सांगू नकोस, आणि जिथं तुझ्या सासऱ्याला मी बोल लावलाय तिथं आवाज खाली आणू नकोस. तुझं लग्न व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे. घरात कुणी ती तुला सांगितली नसेल, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

मी उषाबाई. अंबडच्या हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. तुझे सासरे मला नुसतं ‘बाई’ म्हणायचे, आणि तेही असं, की पायात काटा मोडल्यावर माणूस ‘आई’ म्हणतो तसं.

तर धुळाजी, तुमच्यापासून सुरू करू. तुम्ही मूळचे मेंढरांमागचे. बाप, चुलते, सगळे पाऊस सरला की कळप घेऊन गोदावरीच्या काठानं खाली निघायचे. तुम्हाला चालायचा कंटाळा. एकदा तुम्हाला गिऱ्हाइकांना सांगताना मी ऐकलं होतं, “मेंढरू बसलं की आपुन बसायचं, उठलं की उठायचं. मंग मेंढरू कोन अन् मानूस कोन?” म्हणून जालन्याला पळालात, आणि एका सोड्याच्या कारखान्यात सहा वर्षं मशीनचं चाक फिरवलंत. मालकानं धंदा गुंडाळला तेव्हा ते जुनं मशीन आणि गोटीच्या बाटल्यांची खोकी उचलून आणलीत. एक्याऐंशी साली अंबड-घनसावंगी रस्त्यावर, फाट्याच्या चिंचेखाली, पत्र्याचं हॉटेल टाकलंत. ‘जय मल्हार’. भजी बरी असायची, चहा वाईट असायचा, आणि सोडा असा असायचा की तो दुसरीकडे कुठेच मिळत नव्हता.

तो सोडा तुमच्या डोक्यातला नव्हे, हेही लिहिते. तो तुमच्या बायकोच्या, साळूबाईंच्या डोक्यातला. मोसंबीची सालं बाजेवर सावलीत वाळवायची, तव्यावर काळी होऊ न देता भाजायची, मग ओवा, काळं मीठ आणि साखर घालून काढा आटवायचा. बाटलीत दोन बोटं काढा, वर विहिरीचं पाणी, मग मशीनला लावून गॅस भरायचा. तुम्ही फक्त चाक फिरवायचे आणि तोऱ्यात बसायचे.

चौऱ्याऐंशीच्या चैत्रात मी तो पहिल्यांदा प्यायले. आम्ही नवरा-बायको भाड्याच्या जीपनं सासरच्या गावी देवकार्याला निघालो होतो, घनसावंगीच्या पुढे. काकासाहेब, म्हणजे आमचे यजमान, म्हणाले, “थांब, इथं एक चीज पाजतो तुला.” तुम्ही लाकडी खुंटीनं गोटी आत ढकलली, फट्ट आवाज झाला, फेस मनगटावर आला. पहिला घोट कडू. मी तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला ओवा नाकात चढला. तिसऱ्याला मीठ लागलं. बाटली संपवून खाली ठेवली तेव्हा कुठं जिभेच्या मागच्या बाजूला मोसंबीची गोडी आली, आणि ती पार गाव येईपर्यंत गेली नाही. हा सालीतल्या तेलाचा गुण, हे मला कळत होतं. कळूनही दुसरी बाटली मागितली.

मग तुम्हाला म्हटलं, “दोन बाटल्या सोबत द्या. परत येताना रिकाम्या आणून देते.”

“बाटली जागेवरच, बाई.”

“अहो, परवा याच रस्त्यानं येणार आहोत आम्ही.”

“मंग परवा प्या.”

“मी मास्तरीण आहे, तुमच्या बाटल्या घेऊन पळून जाणार नाही.”

“मास्तर पळत न्हाईत. पन बाटली जागेवरच.”

“का पण?”

“आमचं बराबर हाये.” एवढं बोलून तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलात.

काकासाहेब जीपमध्ये बसून हसत होते. “अख्खी नववी तुला टरकते,” म्हणाले, “अन् हा माणूस मान वर करून बघत नाही.” तो दिवस आणि ते हसणं, तिथून सगळं सुरू झालं.

पुढं पाच वर्षं दर शनिवारी शाळा सुटली की मी सासरी जायची आणि जीप तुमच्या फाट्यावर थांबायची. दर शनिवारी मी बाटली मागायची आणि तुम्ही नाही म्हणायचे. तुमचं माझ्याशीच वाकडं होतं असंही नाही. एका वऱ्हाडानं दोन खोकी मागितली, तुम्ही वऱ्हाडाला उन्हात उभं करून एकेक बाटली पाजलीत. कुणा साहेबाचा ड्रायव्हर आला, “साहेब गाडीत बसले आहेत, आत पाठवा,” म्हणाला. तुम्ही म्हणालात, “साह्यबाला पाय असतीन.” लोक ह्या गोष्टी कौतुकानं सांगायचे. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसलं नाही. विकायला बसलेल्या माणसानं गिऱ्हाइकाला शिकवू नये.

आणि साळूबाई. त्या भट्टीमागे बसायच्या, पदर डाव्या गालावर ओढलेला. मी समोर गेले की मान फिरवून घ्यायच्या. दोघांनाही सारखाच माज, असं मी धरून चालले. काकासाहेब तर मुद्दाम डिवचायचे. “बी. एस्सी. झालीस, बी. एड. झालीस. धुळाजीकडून एक भरलेली बाटली घरी आणून दाखव, मग मी तुला मानतो.”

एकोणनव्वदच्या मे महिन्यात आणून दाखवायचं ठरवलं.

त्या दिवशी हॉटेलवर लग्नाच्या दोन जीपा उतरल्या होत्या. गर्दीत मी गोटी न ढकललेली बाटली घेतली, सावलीत पिते म्हणून चिंचेमागे गेले, ओल्या पंच्यात ती गुंडाळली आणि पिशवीत घातली. आमच्या नेहमीच्या ड्रायव्हरच्या, भुजंगच्या, काळीपिवळी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले, पिशवी पायाशी. इंजिनची धग पोटऱ्यांना लागत होती. मला तेव्हा नवऱ्याचं तोंड कसं होईल एवढंच दिसत होतं.

दोन-अडीच मैल गेलो असू. मागून लुना आली, कुणा गिऱ्हाइकाची मागून घेतलेली, आणि तीवर तुम्ही, सदऱ्याची बटणं उघडी. जीपला आडवी घातलीत. भुजंगनं ब्रेक मारला, शिव्या दिल्या. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बाई, बाटली.”

“कुठली बाटली?”

“बावन्न दिल्त्या, येक्कावन्न आल्या. पिशवी कुठंय?”

“तुम्ही माझी झडती घेणार?”

तुम्ही घेतलीत. माझ्या पायाशी वाकून पिशवी ओढलीत, पंचा सोडलात. मागं बसलेल्यांना ओरडलात, “मागं सरा समदे.” मग बाटली दोन्ही हातांनी लांब धरून, तोंड एकीकडे फिरवून, पार शेताच्या बांधापर्यंत चालत गेलात. मला वाटलं, काय तमाशा लावलाय. तिथं अंगठ्यानं गोटी दाबलीत आणि अख्खी बाटली मातीत ओतलीत.

जीपमध्ये तातेराव होते, आमच्या शाळेच्या समितीवरचे. ते म्हणाले, “बाई, मार्चमध्ये माझ्या पुतण्याला कॉपी करताना धरलं तवा लई बोलल्या होत्या तुम्ही.” सगळे हसले. बायकासुद्धा हसल्या.

तुम्ही परत आलात. “बाटली देत न्हाई म्हन्लं व्हतं ना. शिकल्या-सवरल्यालाबी पाच-पाच वर्सं सांगावं लागतं का?”

 ह्याचं उत्तर मी घरी जाऊन कागदावर लिहिलं.

हे सुनेला नीट वाचून दाखवायला सांगा, कारण हे तुमच्या घरात कुणी इतकं सरळ बोललं नसेल. आरोग्य खात्याच्या कचेरीत तुमच्याविरुद्ध गेलेला अर्ज माझा होता. अंबडच्या गुरुवारच्या बाजारात रसाच्या गाडीजवळ साळूबाईंना पोत्यात सालं भरताना मी दोनदा पाहिलं होतं. मी लिहिलं, की सदर इसम रस्त्यावर फेकलेल्या सालींपासून पेय बनवून प्रवाशांना पाजतो, त्यामुळे रोगराईचा धोका आहे. खाली हुद्दा घातला, विज्ञान शिक्षिका. त्या हुद्द्याचं वजन पडेल हे मला ठाऊक होतं, म्हणूनच घातला. सालं फेकलेली होती की राखून ठेवलेली होती, हे मी त्या गाडीवाल्याला विचारलं नव्हतं. विचारायला गाडी शंभर पावलांवर होती.

ऐन उन्हाळ्यात माणसं आली आणि मशीनला सील ठोकून गेली. पाण्याचा, काढ्याचा नमुना नेला. सोडा नाही म्हटल्यावर फाट्यावर जीपा थांबेनाशा झाल्या. तुमच्या भज्यांसाठी कोण थांबणार? आठ-पंधरा दिवसांत चूलही बंद झाली. मी शनिवारी जीपमधून बंद दार पाहायचे आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू.

जुलैत नेमकं तुमच्याच दारात भुजंगच्या जीपचं चाक बसलं. तो पान्हा शोधत बसला, बाकीचे चिंचेखाली पांगले. मला तहान लागली होती. दार अर्धं उघडं होतं. साळूबाई आत एकट्या, बाटल्या धूत होत्या. धंदा बंद, तरी धूत होत्या. मी पाणी मागितलं. तांब्या द्यायला उठल्या तेव्हा ओला हात पुसायला पदर घेतला आणि तो गालावरून सरकला.

डावा डोळा नव्हता. पापणी आत ओढून शिवल्यासारखी, आणि भुवईपासून कानापर्यंत पांढरा वण.

त्यांनी पदर परत ओढला नाही. “पाह्यलं ना? पाह्यलं तर पाह्यलं. प्या पानी.”

“हे कशानं झालं?”

“बाटलीनं.”

मग उभ्या उभ्याच सांगितलं. हॉटेल टाकलं त्याच्या दुसऱ्या वर्षी, चैत्रात, तुम्ही चाळीस बाटल्या भरून अंबडच्या बाजाराला निघालात. शेजाऱ्याची बैलगाडी, खोकी तुम्ही स्वतः रचलेली, वर पोतं टाकलं होतं तेही सुकून गेलं. साळूबाई खोक्याला टेकून बसल्या होत्या. “पयली फुटली मंग तिच्या बाजूची, मंग तिच्या बाजूची. बैल उधळले. ह्ये बैलं सांभाळून राह्यले, अन् मी काय झालं म्हून वळून पाह्यलं. पाह्यलं नसतं तर डोळा राह्यला असता.”

मी तांब्या धरून उभी.

“बाई, तुमी शाळेत काय शिकवता वो?”

“विज्ञान.”

“मंग तुमाला म्हाईत असंल. काहून फुटती ती?”

दर वर्षी नववीच्या वर्गात मी फळ्यावर लिहायचे: वायूचं तापमान वाढलं की दाब वाढतो. खाली रेघ ओढायचे. ते धग मारणाऱ्या इंजिनशेजारी, मे महिन्यात, पायाशी भरलेली बाटली ठेवून बसताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. साळूबाईंना म्हटलं, “ऊन लागलं की आतला वायू फुगतो.”

“मंग म्हाईत व्हतं की तुमाला,” त्या म्हणाल्या आणि बाटल्या धुवायला बसल्या.

तेवढ्यात तुम्ही आलात, डोक्यावर काटक्यांचा भारा. मला आत पाहून तो दारातच टाकलात.

आता तुम्हाला सांगते, धुळाजी, तेव्हाही मी चिडलेलीच होते, आणि आजही आहे. पाच वर्षं तुम्ही ‘जागेवरच, जागेवरच’ करत राहिलात. एकदा, फक्त एकदा कारण सांगितलं असतं, तर मी काय दगड होते? मी तसं तोंडावर म्हटलंही.

तुम्ही म्हणालात, “सोडा इकायला ठेवला व्हता. बायकोचा डोळा इकायला ठेवला न्हवता. हरेक गिऱ्हाइकाला सांगू का, माझ्या हातानं गेला म्हून? मंग ते वाकून वाकून तिलाच पाह्यतीन.”

“लोकांना इजा होऊ नये म्हणून थांबवता, तर लोकांना कळायला नको?”

“बाटली जागेवर पेली तर कुनालाच काय व्हत न्हाई. त्याला कळायचं काय काम?”

साळूबाई आतून म्हणाल्या, “भांडू नका. त्या अर्जाचं इचारा त्यांना.”

  तुम्ही दुसरीकडे बघत बोललात. “नाव तुमचंच हाये, साह्यबानं वाचून दाखवलं. सालं टाकून दिल्याली नसत्यात, बाई. गाडीवाला येगळ्या टोपल्यात ठेवतो, आम्ही चुन्याच्या निवळीतून तीन डाव काढतो. नमुन्यात बी काय निघालं न्हाई. साह्यब म्हन्ले, ज्यांनी तक्रार केली त्यांनी यावं, सही करावी, सील काढून टाकतो. मंगळवारी बसतेत ते. तुमी म्हन्ता तर मी बी येतो.”

मी म्हटलं, “येते. मंगळवारी अकराला.”

“नक्की?”

“शिक्षिका आहे मी.”

“म्हनून इचारलं,” तुम्ही म्हणालात. मला ते लागलं. बाहेर भुजंगनं हॉर्न दिला आणि मी निघाले.

पुढचं मला लोकांकडून कळत गेलं. दिवाळीच्या आत मशीन भंगारात गेलं, सीलसकट. बाटल्या कुणी तरी मीठ-मसाल्याच्या दुकानाला नेल्या. तुम्ही हसनाबादला साडूकडे गेलात, तिथं दुसऱ्याच्या शेतावर सालदारकी धरली. म्हणजे पुन्हा कुणी बसलं की बसायचं आणि उठलं की उठायचं. साळूबाई तिथंच वारल्या, हे गेल्या महिन्यात भुजंग भेटला तेव्हा समजलं. सोळा-सतरा वर्षांनी समजलं. त्यांच्यानंतर तो काढा कुणाला जमला नाही, असंही तो म्हणाला. त्या फाट्यावर आता मोठा ढाबा झालाय, काचेच्या कपाटात रंगीत बाटल्या असतात. मी एक घेऊन पाहिली. पहिल्या घोटालाच गोड. बाकीची टाकून दिली.

हे सगळं लिहिलं ते तुमच्याकडून काही ऐकायला नाही. तुम्ही हेकट होतात, तोंडाळ होतात, आणि भर रस्त्यात एका बाईच्या पिशवीला हात घातलात, ते मी विसरलेले नाही. पण मंगळवारचं तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते सांगणारी मी सोडून कुणी उरलेलं नाही. काकासाहेबही गेले.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. कागद मी सकाळीच लिहून काढला होता, ‘सदर तक्रार गैरसमजातून’ वगैरे. साडेदहाला साडी बदलली. मग मनात आलं, मेमध्ये रस्त्यावर जे झालं, त्याबद्दल हा माणूस एक शब्द बोललेला नाही. डोळ्याचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण त्यानं मला चारचौघांत चोर ठरवलं, ते? आधी त्यानं बोलावं. आमचं घर कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर, आणि अंबडमध्ये उषाबाईंचं घर शेंबडं पोरही दाखवतं. अकराला मी नाही दिसले तर विचारत येईल. येईल, दारात उभा राहील, एकदा ‘चुकलं बाई’ म्हणेल, आणि मी पायात चप्पल सरकवून त्याच्याबरोबर जाईन.

एकला काकासाहेब जेवायला आले. म्हणाले, “तुझा सोडेवाला कचेरीच्या पायरीवर बसलाय. बायकोपण आहे.”

“काही म्हणाला?”

“मी म्हटलं, घरी चला. तर म्हणाला, बाई येतो म्हनल्या हायेत.”

“मग येईन,” मी म्हटलं आणि त्यांना वाढलं.

तीन वाजले, चार वाजले. मी ओसरीवर बसून नववीच्या वह्या तपासल्या. पाचच्या सुमारास काकासाहेब पुन्हा बाहेर जाऊन आले. “उठले ते,” म्हणाले, “घनसावंगीची एस्टी लागली होती.”

पुढच्या मंगळवारी जाईन, असं मी काकासाहेबांना सांगितलं. पुढच्या मंगळवारी शाळेची तपासणी होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी काहीच नव्हतं, तरी गेले नाही. ती सही मी केली नाही.